गाणं प्रेमाचं, की पाळतीचं?

गेल्या लग्नसराईत बोईसरला एका स्वागतसमारंभाला गेले होते. मुलाचे वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले, मुलगी पालघरची. दोघंही शिकलेली, दोघंही नोकरी करणारी. हुंडा नाही, मानपान नाही, म्हणून मंडळाच्या आम्ही चौघीजणी मुद्दाम गेलो होतो. स्टेजच्या बाजूला मोठा पडदा लावला होता. त्यावर नवरा-नवरीचे लहानपणापासूनचे फोटो एकामागून एक येत होते आणि मागे एक इंग्रजी गाणं वाजत होतं. संथ चाल, गिटारचे तेच तेच गोड सूर. चाल मला ओळखीची वाटली. रेडिओवर, कुणाच्या तरी मोबाइलवर, कुठे ना कुठे कानावरून गेलेली.

माझ्या शेजारी मैत्रिणीची मुलगी बसली होती. पालघरला कॉलेजात शिकते. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मावशी, हे गाणं लग्नात वाजवायचं नसतं."

"का गं? छान तर आहे."

"चाल छान आहे. पण शब्द ऐक ना. त्याला सोडून गेलेल्या बाईवर तो माणूस पाळत ठेवून आहे. ती काय करते, कुठे जाते, सगळं बघत राहणार म्हणतो. हा तर आपल्या नवापूर नाक्यावरचा माणूस झाला!"

नवापूर नाक्यावरचा माणूस कोण, ते पुढे सांगते. आधी गाण्याबद्दल.

घरी आल्यावर मी त्या मुलीकडून गाण्याचे शब्द नीट समजून घेतले. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे त्याचं नाव. म्हणजे तू घेतेस तो प्रत्येक श्वास. गाणारा बँड 'द पोलीस'. १९७७ साली लंडनमध्ये सुरू झालेला, तिघांचा. तिकडे पंक संगीतानंतर जी 'न्यू वेव्ह' म्हणजे नवी लाट आली, त्या लाटेतला हा फार गाजलेला बँड. हे गाणं १९८३च्या मे महिन्यात बाजारात आलं. इंग्लंडमध्ये चार आठवडे आणि अमेरिकेत आठ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीचा वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला. गीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या बीएमआय या अमेरिकेतल्या संस्थेने २०१९ साली जाहीर केलं, की तिच्या सगळ्या यादीत सर्वाधिक वेळा वाजवलं गेलेलं गाणं हेच आहे.

गाणं लिहिणारा आणि गाणारा माणूस स्टिंग या नावाने ओळखला जातो. स्वतःचं पहिलं लग्न मोडत असताना, १९८२ साली, त्याने हे गाणं लिहिलं. तेव्हा तो जमैका बेटावर एका घरात राहायला गेला होता, आणि ते घर जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंग याचं. हेरगिरीच्या कथा जिथे लिहिल्या गेल्या तिथेच हे पाळतीचं गाणं लिहिलं गेलं, हा योगायोग. स्टिंगने नंतर अनेक मुलाखतींतून स्पष्ट सांगितलं आहे, की लोक समजतात तसं हे गोड प्रेमगीत नाही. ते मत्सराचं, मालकीहक्काचं, पाळतीचं गाणं आहे. ते भयंकर आहे, कुरूप आहे, असं तो स्वतःच म्हणतो. जोडपी येऊन त्याला कौतुकाने सांगतात, की आमच्या लग्नात हेच गाणं होतं. तेव्हा काय बोलावं ते त्याला कळत नाही.

मैत्रिणींनो, मी इथेच थांबले. बोईसरच्या हॉलमधल्या मंडळींना इंग्रजी शब्द कळले नाहीत, ते समजू शकतं. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांची तर ती मातृभाषा. शब्द साधे, शाळकरी पोराला कळतील असे. लिहिणारा ओरडून सांगतो आहे, की हे प्रेम नव्हे. तरी गेली चाळीस वर्षं लोक त्या गाण्यावर हातात हात घालून नाचत आहेत. याचं कारण भाषा नव्हे. बाईवर चोवीस तास नजर ठेवणारा पुरुष म्हणजे तिच्यावर फार प्रेम करणारा पुरुष, हे आपल्या आणि त्यांच्याही मनात इतकं पक्कं बसलं आहे, की समोर स्पष्ट शब्दांत पाळत मांडली तरी आपल्याला प्रेमच ऐकू येतं.

या बँडची मुंबईशी जोडलेली एक आठवण सांगितली जाते. १९८०च्या मार्चमध्ये 'द पोलीस' मुंबईत येऊन गाऊन गेले. त्यांचा कार्यक्रम ठेवला होता 'टाइम अँड टॅलेंट्स क्लब' या, मुख्यतः पारशी बायकांनी चालवलेल्या संस्थेने. कार्यक्रम झाला होमी भाभा सभागृहात. ज्या भाभांच्या अणुकार्यक्रमातून आपलं तारापूरचं केंद्र उभं राहिलं आणि १९६९ साली वीज देऊ लागलं, त्यांच्याच नावाचं हे सभागृह. हे गाणं तेव्हा लिहिलं जायचं होतं. पण बायकांनी बोलावलं, बायकांनी तिकिटं विकली, बायकांनी टाळ्या वाजवल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. अशी गाणी पुरुष लिहितात हे खरं, पण ती गोड मानून घेण्यात आपणही मागे नसतो.

आपल्या मराठीतच बघा. 'मुलीवर लक्ष ठेव', 'तिला नजरेआड होऊ देऊ नकोस', 'डोळ्यांत तेल घालून राखली पोरीला' ही सगळी आपल्या तोंडची वाक्यं. नवरा दिवसातून दहा वेळा फोन करून 'कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस' विचारतो, तर शेजारीण म्हणते, "किती काळजी करतो गं तुझी!" काळजी आणि पाळत यांच्यातला फरक सांगणारा शब्द बाईच्या हाती आपण दिलेलाच नाही.

वर्तमानपत्रांनी तर कहर केला आहे. ३० मार्च १९९० या दिवशी उल्हासनगरमध्ये दहावीच्या परीक्षेच्या वर्गात शिरून रिंकू पाटील या मुलीला जाळून मारण्यात आलं. महाराष्ट्रातल्या स्त्रीसंघटना रस्त्यावर उतरल्या त्या दिवसांची आठवण आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना अजून आहे. अशा खुनांना छापील नाव मिळालं 'एकतर्फी प्रेम'. आपण तेव्हापासून सांगतो आहोत, की जिथे एकच बाजू आहे तिथे प्रेम नाही, तिथे हक्क गाजवणं आहे. चोरीला कुणी 'एकतर्फी देणगी' म्हणतं का? तरीही त्यानंतर तीनच वर्षांत, १९९३ साली, 'डर' नावाचा सिनेमा आला. एका मुलीच्या मागावर राहून तिचं जगणं नकोसं करणारा त्यातला माणूस कथेत खलनायक होता. पण बाहेर पोरं त्याचीच नक्कल करत फिरत होती, हे मी स्वतः पाहिलं आहे. २०२०च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं. आठवड्याभराने ती गेली. तीस वर्षांनंतरही बातम्यांमधला शब्द तोच होता, एकतर्फी प्रेम.

आता नवापूर नाक्यावरच्या माणसाबद्दल.

सफाळ्याच्या बाजूच्या एका गावातली विशीची मुलगी. बारावी झालेली. घरी थोडी शेती, वडील आजारी, मोठा भाऊ रिक्षा चालवतो. २०१३ साली लोकल गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्या, त्यामुळे या पट्ट्यातल्या कितीतरी मुलींना रोज बोईसरला येऊन काम करणं जमू लागलं. ही त्यातलीच एक. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. ठेकेदाराकडे, रोजावर. सकाळी बोईसरला उतरायचं, शेअर रिक्षाने नाक्यापर्यंत यायचं, पुढे चालत.

नाक्यावर एक तिशीचा माणूस उभा असायचा. सुरुवातीला नुसता बघायचा. मग नाव विचारलं. ती काही बोलली नाही. मग तो तिच्याच रिक्षात बसू लागला. मग तिचा नंबर त्याच्याकडे कसा पोचला कुणास ठाऊक, मेसेज यायला लागले. काल निळा ड्रेस होता, आज का नाही. जेवणाच्या सुट्टीत बाहेर का आली नाहीस. संध्याकाळच्या गाडीला आज उशीर केलास. शिवी नाही, धमकी नाही, घाणेरडा शब्द नाही. सोबतच्या मुली हसून म्हणायच्या, "तुझा हिरो आला बघ."

तिने त्याला स्पष्ट सांगितलं, की मला तुझ्याशी बोलायचं नाही. त्याने ऐकलं नाही. तिने आधीची गाडी पकडायला सुरुवात केली. चार दिवसांनी तो त्या वेळेलाही हजर. एकदा तर सफाळे स्टेशनच्या फलाटावर दिसला.

हे चार महिने चाललं. चार महिने तिने घरी चकार शब्द काढला नाही. शेवटी एक दिवस वहिनीजवळ रडली. वहिनीने भावाला सांगितलं, भावाने वडिलांना. त्याच रात्री निर्णय झाला. कामावर जाणं बंद, मोबाइल भावाकडे, आणि पुढच्या महिन्यापासून स्थळं बघायची.

वहिनी आमच्या बचतगटाच्या बैठकीला येते, तिच्याकडून हे कळलं. आम्ही दोघी-तिघी त्या घरी गेलो. मुलगी आमच्याशी जेमतेम चार वाक्यं बोलली. त्यातलं एक मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, "ताई, मला माहीत होतं, सांगितलं की माझंच बंद होणार. म्हणूनच सांगत नव्हते."

तो माणूस अजून नाक्यावर उभा असतो. त्याचं काहीच बंद झालेलं नाही.

या लेखातून मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. पाळतीवर आपल्या घरांनी शोधलेला उपाय म्हणजे आणखी पाळत. बाहेरचा पुरुष तिचं येणं-जाणं, तिचा फोन, तिचे कपडे यांवर नजर ठेवू पाहत होता. घरच्यांनी त्याच्यापासून वाचवायचं म्हणून तिचं येणं-जाणं, तिचा फोन आणि तिचे कपडे आपल्या ताब्यात घेतले. त्याला जे चार महिन्यांत पूर्ण साधलं नाही, ते घराने एका रात्रीत करून दाखवलं. आणि मुलींना हे आधीच ठाऊक असतं. म्हणून त्या गप्प राहतात. पाठलाग करणाऱ्याची खरी ताकद त्या गप्प राहण्यात असते. हिच्या बाबतीत तो चार महिने निर्धास्त होता, कारण ही घरी बोलणार नाही याची त्याला जवळजवळ खात्री होती.

हे मी त्या घरी बोलले, तेव्हा मुलीची आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, तुमचं सगळं बरोबर. पण उद्या त्याने तिच्या तोंडावर काही टाकलं, तर तुमचं मंडळ काय करणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. उल्हासनगर आणि हिंगणघाट आपण विसरलेलो नाही, मग त्या आईने का विसरावं? तिची भीती खोटी नाही. मुलीला घरात ठेवणारी प्रत्येक आई जुलमी असते, असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. तिच्यासमोर दोनच वाटा आहेत असं तिला वाटतं: एकतर पोरगी जिवाला मुकेल, नाहीतर पगाराला मुकेल. यात ती पगार सोडते. आपलं काम तिला दोष देण्याचं नाही, तिसरी वाट उघडून दाखवण्याचं आहे.

ही तिसरी वाट शोधताना आपण सहज पोलिसांकडे आणि सरकारकडे बघतो. पण आपल्या पालघरकरांना तिथेही डोळे उघडे ठेवून जायला हवं. २०१२चा नोव्हेंबर आठवा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केलं. एवढ्यावरून जमाव जमला, एका मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि पोलिसांनी दोघी मुलींना अटक केली. देशभर संताप उसळला, नंतर गुन्हा मागे घेतला गेला, पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाईही झाली. ज्या ६६ अ कलमाखाली ही कारवाई झाली, त्याविरुद्ध श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

एवढं आपण अभिमानाने सांगतो. पण त्या आठवड्यात घराघरांत काय झालं ते कुणी लिहिलं नाही. माझ्या ओळखीच्या तीन घरांत मुलींना फेसबुक बंद करायला लावलं गेलं. त्या मुलींनी काही लिहिलेलं नव्हतं. मुलग्यांना कुणी काही म्हटलं नाही. बाहेर जमाव, मग पोलीस, मग घर, असे पाळत ठेवणारे एकामागून एक उभे राहिले, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की हे तुझ्या भल्यासाठी आहे. स्टिंगनेही पुढे सांगितलं आहे, की हे गाणं लिहिताना त्याच्या डोक्यात नागरिकांवर सतत नजर ठेवणारी सत्ता होती. बँडचं नाव 'पोलीस' असणं हा योगायोगच, पण पालघरमध्ये बसून हे गाणं ऐकताना तो मला जरा जास्तच बोचतो.

मग कायद्याचा उपयोगच नाही का? आहे, आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ साली फौजदारी कायद्यात बदल झाले. त्यात 'पाठलाग करणे' हा पहिल्यांदाच स्वतंत्र गुन्हा झाला, भारतीय दंडसंहितेचं कलम ३५४ ड. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हेच कलम ७८ झालं. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही तिच्याशी जवळीक साधण्यासाठी पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, तिच्याशी संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेस तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दुसऱ्या वेळेस पाच वर्षांपर्यंत. म्हणजे नवापूर नाक्यावरचा माणूस शिवी न देता, हात न लावता गुन्हाच करत होता. 'त्याने केलं काय, नुसता उभा तर होता' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवलं पाहिजे.

या कलमाचा दुसरा भाग आपल्या बैठकांतून फारसा सांगितला जात नाही. बाईच्या इंटरनेटच्या, ईमेलच्या किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणं हाही याच कलमाखाली गुन्हा आहे. बलात्काराच्या कलमात नवऱ्याला जशी सूट दिली आहे, तशी 'नवरा सोडून' ही अक्षरं इथे नाहीत. बायकोचे मेसेज रोज रात्री तपासणाऱ्या नवऱ्यांना हे माहीत नसतं. बायकांनाही माहीत नसतं.

त्रुटीही सांगायला हव्यात. पहिल्या वेळेचा गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे तो माणूस लगेच सुटून पुन्हा नाक्यावर येऊ शकतो. बाईला सर्वात जास्त धोका असतो तो याच दिवसांत. शिवाय नकार 'स्पष्ट' होता हे दाखवण्याचा भार शेवटी बाईवर येतो. भीतीने गप्प राहिलेल्या मुलीचं मौन हा नकार आहे, हे ठाण्यातल्या हवालदाराला कोण पटवणार? म्हणून कायदा पुस्तकात असून भागत नाही, त्याच्या मागे माणसं उभी राहावी लागतात.

ती माणसं आपण आहोत. त्या घरातून परतल्यावर आम्ही तीन बैठका याच विषयावर घेतल्या. त्यांतून निघालेल्या काही गोष्टी इतर गटांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, मुलगी सांगते तेव्हा घरचं पहिलं वाक्य काय असावं. ते 'उद्यापासून जाऊ नकोस' हे नसावं. ते 'उद्या तुझ्याबरोबर कोण येईल' हे असावं. आम्ही हे वाक्य बायकांकडून मोठ्याने म्हणून घेतलं. हसू येतं, पण म्हटल्याशिवाय ते तोंडात बसत नाही.

दुसरी, नोंद ठेवणं. तारीख, वेळ, जागा, कोण सोबत होतं, हे साध्या वहीत. मेसेज पुसायचे नाहीत. मुलींना ते घाण वाटतात म्हणून त्या पुसून टाकतात. तोच तर पुरावा असतो.

तिसरी, ठाण्यात एकटीने जायचं नाही. चौघी-पाचजणींनी जायचं. कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. सफाळ्याची मुलगी आणि बोईसरचा नाका असल्या प्रकरणात हे फार महत्त्वाचं. या गुन्ह्यात बाईचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, तेही मागून घ्यायचं.

चौथी, कामाची जागा. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मालकाने दिलेलं वाहनही कामाच्या जागेत धरलं आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ठेकेदारीवरच्या, रोजंदारीवरच्या बायकाही या कायद्यात येतात. पण स्टेशनपासून गेटपर्यंतचा पायी रस्ता या कायद्यात येत नाही, आणि एमआयडीसीतल्या बायकांचा निम्मा त्रास त्याच रस्त्यावर असतो. म्हणून एका पाळीच्या बायकांनी स्टेशनवर जमून एकत्र जायचं, अशी सुरुवात आम्ही दोन ठिकाणी करून पाहतो आहोत.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःबद्दल आहे. काहीही घडलं की आपण निवेदन घेऊन जातो आणि कॅमेरे बसवा म्हणतो. कॅमेरे नकोत असं मी म्हणत नाही. पण आपल्याच एका कार्यकर्तीने मुलीच्या मोबाइलमध्ये ती कुठे आहे ते दाखवणारं ॲप घातलं आहे आणि ते कौतुकाने आम्हांला दाखवलं. मी विचारलं, "तिला विचारून घातलंस का?" ती म्हणाली, "तिला कशाला विचारायचं, तिच्या सुरक्षेसाठीच आहे ना." मग मी तिला हे गाणं ऐकवलं.

या गाण्यावर बंदी घाला, लग्नात वाजवू नका, असं मला म्हणायचं नाही. पोस्टरांना काळं फासून फार काही बदलत नाही, हे आपण जुन्या अनुभवाने शिकलो आहोत. उलट हे गाणं शिबिरांतून वाजवा. आधी नुसती चाल ऐकवा आणि मुलींना विचारा, कसं वाटतं. मग अर्थ सांगा आणि पुन्हा ऐकवा. या गाण्यात फक्त पुरुष बोलतो. ती बाई सव्वाचार मिनिटांत एकदाही बोलत नाही. तिला काय वाटतं ते कुणी विचारतही नाही. मुलींना सांगा, की तिचा जबाब तुम्ही लिहा. आम्ही पालघरच्या शिबिरात हे करून पाहिलं. पानंच्या पानं भरली. जी मुलगी वर्षभर काही बोलली नव्हती, तिने तीन पानं लिहिली.

ज्या स्टिंगने हे गाणं लिहिलं त्यानेच पुढे, १९८५ साली, एकट्याच्या नावावर एक गाणं काढलं. त्याचं नावच 'ज्याच्यावर प्रेम करता त्याला मोकळं सोडा' अशा अर्थाचं आहे. आधीच्या गाण्यावरचा तो उतारा आहे, असं त्याने सांगितलं आहे. ते गाणंही गाजलं, पण पहिल्याइतकं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये ते वाजलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

सफाळ्याच्या त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. ती अजून कामावर गेलेली नाही. दोन स्थळं आली होती, तिने नाही म्हटलं. आम्ही अधूनमधून जातो. मागच्या वेळी भाऊ म्हणाला, की तुमच्या त्या एकत्र जाणाऱ्या बायका सकाळी किती वाजता निघतात ते सांगा. आम्ही वेळ सांगून आलो आहोत. तिची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे आणि तिलाही बोईसरला काम करायचं आहे. तिच्यावर अशी वेळ आली, तर तिने चार महिने गप्प राहू नये. पहिल्याच दिवशी घरी येऊन सांगावं, आणि सांगितलं म्हणून तिचं काहीही बंद होऊ नये. एवढं एक घर आपण तयार करू शकलो, तरी पुढच्या घराला दाखवायला उदाहरण होईल.